जिवाणूंची बाह्यपटल-प्रथिने, प्रतिकारपेशी आणि दाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना, आणि तपासणीचा कागद हातात घेऊन ‘याचा अर्थ काय?’ असे विचारणाऱ्यांशी बोलताना, जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे आहेत, तर काही तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईवडिलांचे. विषय एकच असला तरी विचारणारे वेगवेगळे असल्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत आणि काही थोडक्यात आटोपली आहेत. येथील मजकूर समजून घेण्यासाठी आहे. उपचाराचा निर्णय रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

बाह्यपटल म्हणजे काय? ते सगळ्याच जिवाणूंना असते का?

सगळ्यांना नसते. हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये रंजनाची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यामुळे जिवाणूंचे दोन मोठे गट पडले. अल्कोहोलने धुतल्यावरही जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह, आणि तो रंग सोडून देऊन नंतरच्या रंजकाने गुलाबी दिसणारे ते ग्राम-निगेटिव्ह. दुसऱ्या गटातील जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे शर्करा आणि अमिनो आम्लांच्या जाळीची, भिंत पातळ असते, परंतु त्या भिंतीबाहेर आणखी एक पटल असते आणि त्यालाच बाह्यपटल म्हणतात. त्याचा आतला पदर साध्या फॉस्फोलिपिडांचा असतो, तर बाहेरचा पदर मुख्यतः लिपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे एलपीएसचा असतो. मुदतीच्या तापाचा साल्मोनेला टायफी, पटकीचा व्हिब्रिओ कॉलरी, मूत्रमार्गाच्या संसर्गात नेहमी आढळणारा ई. कोलाय, रुग्णालयातील न्यूमोनियाला कारण ठरणारा क्लेब्सिएला आणि प्लेगचा यर्सिनिया हे सारे याच गटातले.

या पटलातील प्रथिने जिवाणूला कशासाठी लागतात?

एलपीएसचा थर इतका दाट असतो की त्यातून अन्नद्रव्ये सहज आत जाऊ शकत नाहीत. म्हणून जिवाणू त्यात दारे बसवतो. ई. कोलायची ओम्प-एफ आणि ओम्प-सी ही प्रथिने अशी दारे आहेत (‘ओम्प’ हे बाह्यपटल-प्रथिनाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप). त्यांना पोरिन म्हणतात. सुमारे ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) रेणू त्यांतून आत जातात, त्याहून मोठे बाहेरच राहतात. पोरिनचा एकेक घटक म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीच्या १६ पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या राहून तयार झालेली नळी असते आणि अशा तीन नळ्या एकत्र चिकटून एक पोरिन होते. या रचनेला बीटा-बॅरल म्हणतात. सोलापुरात घरोघरी पाणी साठवण्याची पिंपे असल्यामुळे ‘बॅरल’ म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बुड असलेले पिंप येते आणि तेथेच घोटाळा होतो. चटई गोल गुंडाळून तिच्या दोन कडा एकमेकींना शिवल्या, तर दोन्ही तोंडांनी उघडी अशी जी नळी होईल ती या रचनेच्या अधिक जवळची आहे.

ओम्प-ए या प्रथिनाची नळी आठच पट्ट्यांची असते. त्याचे मुख्य काम पटल आणि आतली भिंत यांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे आहे, आणि ई. कोलायच्या एका पेशीत त्याच्या सुमारे १ लाख प्रती असतात. ब्राउन यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेले लिपोप्रथिन तर त्याहूनही मुबलक असते; त्याच्या एका टोकाला मेदाम्लांच्या तीन शेपट्या असतात. पुढे प्रतिकारपेशींच्या संदर्भात या शेपट्यांना फार महत्त्व आहे, म्हणून त्या लक्षात ठेवाव्यात.

नळीच्या बाहेरच्या तोंडाशी साखळीचे जे लांब फास लोंबतात, तेच आपल्या प्रतिकारपेशींना आणि अँटिबॉडींना प्रथम दिसतात. त्यामुळे जिवाणूंच्या निरनिराळ्या वाणांत हे फास झपाट्याने बदललेले आढळतात, तर पटलात रुतलेला नळीचा भाग फारसा बदलत नाही.

आधी कधीही न भेटलेला जिवाणू प्रतिकारपेशी ओळखतात तरी कशा?

हा प्रश्न चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये नेमकेपणाने मांडला. आपल्या पेशींत कधीच नसलेले, पण जिवाणूंना ज्यांच्यावाचून जगता येत नाही असे साचे ओळखणारे ग्राही, म्हणजे पेशीवरील ओळखणारी प्रथिने, आपल्याकडे जन्मजात असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. १९९६ मध्ये फळमाशीतील टोल या जनुकाचे प्रतिकारातील काम उघड झाले आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवून दिले की सस्तन प्राण्यांत टोलसारखा ग्राही क्रमांक ४, म्हणजे टीएलआर-४, हा एलपीएसचा ग्राही आहे. या दोन्ही शोधांसाठी ज्युल्स हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चे नोबेल मिळाले. त्याच पुरस्कारात डेंड्रायटिक पेशींच्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन हेही सहभागी होते.

बाह्यपटलातील प्रथिनांच्या बाबतीत मुख्य ग्राही टीएलआर-२ हा आहे. तो एकटा काम करत नाही, जोडीदार घेतो. मेदाच्या तीन शेपट्या असलेले लिपोप्रथिन ओळखताना टीएलआर-१ त्याच्या जोडीला असतो, दोन शेपट्या असलेले ओळखताना टीएलआर-६. पहिल्या जोडीत दोन शेपट्या टीएलआर-२ च्या खोबणीत आणि तिसरी टीएलआर-१ च्या खोबणीत बसते, आणि दोन ग्राही एकमेकांजवळ ओढले जातात. पेशीच्या आत इशारा सुरू होण्यासाठी एवढे पुरते. पोरिनांना अशी शेपटी नसते, तरीही मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या, नायसेरियाचे पोर-बी हे पोरिन टीएलआर-२ आणि टीएलआर-१ यांच्या जोडीलाच चेतवते. शेपटीवाचून ते हे कसे साधते, हा या विषयातील मला सर्वांत मोहक वाटणारा प्रश्न आहे.

इशारा मिळाल्यावर पेशीत आणि शरीरात काय घडते? दाह म्हणतात तो हाच का?

होय. ग्राहीच्या आतल्या टोकाला मायडी-८८ नावाचे प्रथिन येऊन मिळते, तेथून इशाऱ्यांची साखळी सुरू होते, आणि एरवी पेशीद्रवात अडवून ठेवलेला एनएफ-कप्पा-बी हा घटक केंद्रकात शिरून दाहाशी संबंधित जनुके चालू करतो. मॅक्रोफेज, म्हणजे ऊतींत राहून जिवाणू गिळणारी प्रतिकारपेशी, मग टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१-बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ ही संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडते. इंटरल्यूकिन-८ रक्तातील न्यूट्रोफिलना, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना, त्या जागी बोलावते. टीएनएफमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर सैल होते, म्हणून ती जागा लाल, गरम आणि सुजलेली दिसते. इंटरल्यूकिन-६ चा संदेश यकृताला पोचला की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार करते, आणि लॅबच्या कागदावर ‘सीआरपी वाढला’ असे दिसते. सीआरपी वाढला आहे यावरून दाह आहे एवढेच कळते. कोणत्या जिवाणूमुळे, किंवा जिवाणूमुळेच का, हे त्यावरून कळत नाही.

तापाचेही मूळ येथेच आहे. हे संदेश मेंदूतील हायपोथॅलॅमसजवळ प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार करवतात आणि शरीराचे तापमान ठरवणारी खूणच वर सरकते. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणून ताप उतरतो. येथे सोलापूरकरांसाठी एक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या झटक्याने अंग तापते तेव्हा ही खूण वर सरकलेली नसते. शरीराला उष्णता बाहेर टाकणेच अशक्य झालेले असते. तेथे पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही. रुग्णाला ताबडतोब थंड करणे आणि रुग्णालयात नेणे हाच उपाय असतो. अंग तापण्याची ही दोन कारणे एकच समजून मौल्यवान तास वाया गेलेले मी पाहिले आहेत.

दाह एलपीएसमुळे होतो, असे आम्ही शिकलो. मग त्यात प्रथिनांचा वाटा आहे हे कशावरून?

प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनाही त्याने बराच काळ चकवले आहे. एलपीएस अत्यल्प प्रमाणातही मॅक्रोफेजला चेतवते. बाह्यपटलातून प्रथिन वेगळे काढताना त्याला एलपीएस चिकटून येणे जवळजवळ अटळ असते, कारण जिवाणूत ती दोन्ही एकमेकांना खेटूनच बसलेली असतात. म्हणून ‘आम्ही शुद्ध पोरिन दिले आणि दाह झाला’ असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न ‘शुद्ध म्हणजे किती शुद्ध?’ हाच असला पाहिजे.

उलट्या बाजूनेही तीच फसगत झाली आहे. १९९८ च्या सुमारास काही प्रयोगांवरून टीएलआर-२ हाच एलपीएसचा ग्राही असल्याचे मांडले गेले. पुढे २००० मध्ये बाजारात मिळणारे एलपीएस फिनॉलच्या साहाय्याने पुन्हा शुद्ध केले, तेव्हा टीएलआर-२ चे चेतन नाहीसे झाले. त्या नमुन्यांत मिसळलेली लिपोप्रथिनेच टीएलआर-२ ला जागे करत होती. एका अशुद्धीमुळे ग्राहीच चुकीचा ठरवला गेला, हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो, कारण त्यातून काळजीपूर्वक प्रयोग करणे म्हणजे काय ते मुलांना कळते.

आता प्रथिनाचा परिणाम प्रथिनाचाच आहे हे ठरवताना अनेक बाजूंनी पडताळा घेतात. नमुन्यात पॉलिमिक्सिन-बी मिसळतात. ते एलपीएसच्या लिपिड-ए या भागाला बांधून निष्प्रभ करते. नमुना उकळून किंवा प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमात ठेवून पाहतात. एलपीएस उष्णतेला सहसा दाद देत नाही, तेव्हा उकळल्यावर परिणाम गेला तर तो प्रथिनाचा असण्याची शक्यता वाढते. टीएलआर-४ निकामी असलेल्या उंदरांच्या पेशी वापरतात. सी३एच/एचईजे या जातीचे उंदीर एलपीएसला प्रतिसाद देत नाहीत, आणि बॉयटलर यांचा शोधही याच उंदरांतून निघाला. एवढे सगळे करूनही परिणाम टिकला, तरच प्रथिनाचे नाव घ्यावे. यांपैकी एकच चाचणी करून काढलेल्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

एकच प्रथिन दाह पेटवते आणि दडपतेही, असे वाचले. हे खरे आहे का?

खरे आहे. या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर कोणते असे कोणी विचारले, तर मी याच उत्तराकडे बोट दाखवीन.

पटकीच्या जिवाणूचे ओम्प-यू हे पोरिन घ्या. मोहालीच्या आयसर या संस्थेत झालेल्या कामात असे दिसले की हे प्रथिन एकटे दिले तर टीएलआर-२ च्या मार्गाने मोनोसाइट (रक्तातील, पुढे मॅक्रोफेज होऊ शकणाऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज यांना चेतवते. पण पेशींना आधी ओम्प-यू देऊन नंतर एलपीएस दिले, तर एलपीएसला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. प्रथिन तेच, पेशीही तीच; क्रम तेवढा बदलला आणि परिणाम बदलला.

परम्याच्या नायसेरियाच्या पृष्ठभागावर ओपा नावाची प्रथिने असतात. ती आपल्या पेशींवरील सीकॅम या गटातील ग्राहींना धरतात. न्यूट्रोफिलवरील सीकॅम-३ ला धरले तर न्यूट्रोफिल त्या जिवाणूला गिळते, म्हणजे जिवाणूचे नुकसान होते. तीच ओपा टी-पेशीवरील सीकॅम-१ ला धरते तेव्हा मात्र त्या पेशीचे चेतन दबते, म्हणजे जिवाणूचा फायदा होतो. या संसर्गात पू भरपूर असतो, तरीही टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही आणि तोच आजार त्याच माणसाला पुन्हा पुन्हा होऊ शकतो; या विसंगतीमागच्या कारणांत याही परस्परविरोधी धाग्यांचा वाटा आहे.

रक्तात पूरक प्रथिनांची एक यंत्रणा असते. ती जिवाणूच्या पटलाला भोके पाडून त्याला मारते. ती आपल्याच पेशींवर उलटू नये म्हणून तिला आवर घालणारे ‘फॅक्टर-एच’ आणि ‘सी४-बी-बाइंडिंग प्रोटीन’ यांसारखे घटकही रक्तात असतात. मेनिंजायटिसच्या जिवाणूवरील एक लिपोप्रथिन माणसाच्या फॅक्टर-एचला धरून आपल्या अंगावर ओढून घेते आणि पूरक यंत्रणेला जणू आपण माणसाचीच पेशी असल्याची साक्ष देते. नवजात बाळांच्या मेनिंजायटिसला कारण होणाऱ्या ई. कोलाय के-१ चे ओम्प-ए ‘सी४-बी-बाइंडिंग प्रोटीन’ला धरून हेच साधते. प्लेगच्या जिवाणूचे एल हे छोटे बाह्यपटल-प्रथिनही पूरक यंत्रणेपासून त्याचे रक्षण करते.

म्हणजे आपल्या पेशी ओम्प-ए समोर हतबल आहेत का?

मुळीच नाहीत. न्यूट्रोफिल ज्या पिशवीत जिवाणूला गिळून ठेवते, तिच्यात इलास्टेज नावाचे एन्झाइम ओतते, आणि हे इलास्टेज ओम्प-एचे तुकडे करते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत इलास्टेज नसलेल्या उंदरांच्या न्यूट्रोफिलना ई. कोलाय नीट मारता आला नाही, आणि ओम्प-ए नसलेल्या ई. कोलायवर इलास्टेजचा हा मारक परिणाम दिसला नाही. पटल आणि भिंत यांना बांधणारा दुवाच तुटला की जिवाणूचा डोलारा कोसळतो.

आमच्याकडे जेवण तिखट असते. अल्सर त्यामुळेच होतो ना?

शेंगाचटणीला आणि ठेच्याला हा दोष वर्षानुवर्षे चिकटला आहे. आधीच जखम असेल तर तिखटाने जळजळ वाढू शकते, परंतु बहुतेक पेप्टिक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना याच जिवाणूच्या शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले. सांधेदुखीसाठी किंवा यंत्रमागावर दिवसभर उभे राहून आलेल्या कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्यांनी आधी त्या गोळ्यांची चौकशी करावी.

आपल्या विषयाशी या जिवाणूचा संबंध जवळचा आहे. त्याचे एलपीएस अगदी सौम्य असते, त्यामुळे टीएलआर-४ फारसा जागा होत नाही. पण बाब-ए हे बाह्यपटल-प्रथिन जठराच्या अस्तरावरील लुईस-बी या शर्करेला घट्ट धरते, आणि हॉप-क्यू हे दुसरे प्रथिन सीकॅम ग्राहींना धरते. एवढी पकड बसली की काही वाण सुईसारख्या यंत्रणेने कॅग-ए हे प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतात. जिवाणू वर्षानुवर्षे तेथेच राहतो आणि दाहही धुमसत राहतो. हा संसर्ग अँटिबायोटिकांनी बरा होतो, ही त्यातली मोठी दिलाशाची गोष्ट.

पंढरपूरच्या यात्रेत पूर्वी पटकीच्या साथी येत. पटकीतही असाच दाह होतो का?

एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेशी पटकीचे नाव वारंवार जोडले गेले, आणि आपल्या जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेवर आषाढी वारीच्या दिवसांत पाण्याच्या शुद्धीकरणाची जबाबदारी आजही मोठी असते. पटकी हा मुळात दाहाचा आजार मानला जात नाही. त्यातील जीवघेणे जुलाब जिवाणूने सोडलेल्या विषामुळे होतात. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून हे सिद्ध केले. आतड्याच्या अस्तराची मोठी मोडतोड होत नाही, पाणी आणि क्षार मात्र वाहून जातात, म्हणूनच मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो. ओम्प-यू तेथे प्रथम पित्तापासून जिवाणूचे रक्षण करते. दाहाचे रेणू पटकीतही थोडेफार वाढतात, परंतु आजाराचे मुख्य कारण ते नव्हे.

टायफीडॉट पॉझिटिव्ह आली. याचा अर्थ टायफॉइड आहेच का?

आधी ही चाचणी काय शोधते ते पाहू, कारण ती थेट आपल्या विषयातूनच जन्मली आहे. साल्मोनेला टायफीच्या बाह्यपटलात ५० किलोडाल्टनचे एक प्रथिन असते. त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेल्या आयजीएम आणि आयजीजी या अँटिबॉडी टायफीडॉट शोधते. १८९६ पासून चालत आलेली विडाल चाचणी एलपीएसवरील ओ आणि जिवाणूला पोहायला लागणाऱ्या शेपटीवरील एच या प्रतिजनांविरुद्धच्या (अँटिबॉडी ज्यांना ओळखतात त्या खुणांविरुद्धच्या) अँटिबॉडी मोजते. म्हणजे दोन्ही चाचण्या जिवाणू शोधत नाहीत. आपल्या शरीराने दिलेला प्रतिसाद शोधतात.

यातून तीन अडचणी उभ्या राहतात. अँटिबॉडी तयार व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळे तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील चाचणी निगेटिव्ह आली तरी टायफॉइड नाही असे म्हणता येत नाही. आयजीएम आजार बरा झाल्यावरही काही काळ रक्तात राहू शकते, आणि आयजीजी तर त्याहून जास्त काळ. शिवाय जेथे हा आजार नेहमीचाच आहे, तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही जुन्या संसर्गाच्या खुणा असतात. म्हणून फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असलेल्या कागदावर टायफॉइडचे निदान करणे मला धोक्याचे वाटते.

खात्रीची तपासणी रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची. तीही परिपूर्ण नाही. टायफॉइडच्या सुमारे ६० टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते आणि आधी अँटिबायोटिक सुरू केले असेल तर हे प्रमाण आणखी घटते. पण कल्चरमध्ये जिवाणू वाढला तर कोणते औषध त्याला मारते हेही कळते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टायफॉइडच्या काळात ही माहिती अमूल्य आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी कल्चरसाठी रक्त द्यावे, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

टायफॉइडचा जिवाणू सुरुवातीला शांतपणे पसरतो यामागेही कारण आहे. त्याच्याभोवती व्ही-आय नावाचे शर्करेचे आवरण असते, ते एलपीएसला टीएलआर-४ पासून झाकते आणि पूरक प्रथिनांनाही दूर ठेवते.

योग्य औषध सुरू झाले तरी ताप दोन दिवसांत का उतरत नाही?

कारण जिवाणू मेल्यावर त्याचे पटल लगेच नाहीसे होत नाही. फुटलेल्या जिवाणूंतून एलपीएस, लिपोप्रथिने आणि पोरिन मोकळी होतात आणि मॅक्रोफेज त्यांनाही तितकाच प्रतिसाद देतात. शिवाय टायफॉइडमध्ये जिवाणू मॅक्रोफेजच्या आत दडलेले असतात, तेथवर औषध पोचून सगळे मरायला वेळ लागतो. ताप उतरायला साधारण तीन ते पाच दिवस लागणे टायफॉइडमध्ये अपेक्षितच असते. तेवढ्यात अस्वस्थ होऊन डॉक्टर बदलणे, किंवा ताप उतरताच गोळ्या बंद करणे, या दोन्ही चुका टाळाव्यात. पोटात तीव्र कळा, काळी शौच किंवा ग्लानी दिसली तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मग दाहच थांबवणारे औषध सरसकट का देत नाहीत?

प्रयत्न झाला आहे. एरिटोरान हे औषध टीएलआर-४ ला अडवण्यासाठीच तयार केले होते. गंभीर सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाला शरीराच्या बेफाम प्रतिसादाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, जवळजवळ २,००० रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत दाहाची साखळी बरीच पुढे गेलेली असते, आणि एक ग्राही अडवला तरी टीएलआर-२ सारखे बाकीचे मार्ग मोकळे असतात. दाह पूर्णपणे दाबला, तर जिवाणूला रोखणार कोण, हाही प्रश्न आहेच.

अपवाद आहेत. शुद्ध हरपलेल्या किंवा शॉकमधील टायफॉइड रुग्णांना अँटिबायोटिकबरोबर मोठ्या मात्रेत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिल्याने मृत्यू कमी झाले, असे इंडोनेशियातील १९८४ च्या अभ्यासात दिसले. हा निर्णय रुग्णालयातच घ्यायचा असतो. साध्या तापात औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड आणून देणे अत्यंत घातक आहे.

पाणी काही दिवसांआड येते आणि आम्ही ते साठवतो. उकळल्याने जिवाणूंची ही द्रव्येही नष्ट होतात का?

उकळल्याने जिवाणू मरतात आणि त्यांच्या बहुतेक प्रथिनांची घडी मोडते. एलपीएस मात्र उरते. पिण्याच्या पाण्यात त्याची काळजी करू नये, कारण आपल्या आतड्यात ग्राम-निगेटिव्ह जिवाणू आणि त्यांचे एलपीएस कितीतरी पट जास्त असते आणि आतड्याचे अस्तर ते रक्तापासून दूर ठेवते. नसेतून देण्याच्या सलाइनची गोष्ट निराळी. फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२० च्या दशकात दाखवले की इंजेक्शननंतर येणारा गूढ ताप हा ऊर्ध्वपातित पाण्यातील जिवाणूजन्य द्रव्यांमुळे येतो, आणि तेव्हापासून सलाइन नुसते निर्जंतुक असणे पुरेसे मानले जात नाही. घरच्या पिंपाबाबत काळजी घ्यायची ती जिवंत जिवाणूंची: पिंप झाकलेले असावे, पाणी ओगराळ्याने घ्यावे, हात बुडवू नये.

जिवाणू आपल्या पटलाचे फुगे सोडतात म्हणतात, ते काय असते?

ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्यपटलातून साधारण २० ते २५० नॅनोमीटरचे गोल फुगे सुटत असतात. त्यांत एलपीएस, पोरिन, लिपोप्रथिने सगळे असते. पेशी असा फुगा गिळते तेव्हा त्याच्यातील एलपीएस पेशीद्रवात पोचू शकते, आणि तेथे टीएलआरचा संबंध नसतो. माणसात कॅस्पेस-४ आणि ५ ही एन्झाइमे त्याला ओळखून गॅसडर्मिन-डी हे प्रथिन कापतात, पेशीपटलाला भोके पडतात आणि पेशी फुटून दाह भडकवते.

याच फुग्यांचा लसीसाठी उपयोग झाला आहे. न्यूझीलंडमध्ये २००४ पासून मेनिंजायटिस-बीच्या साथीविरुद्ध अशी लस दिली गेली. युरोपात २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या बेक्सेरो लसीत ते फुगे आहेत आणि फॅक्टर-एचला धरणारे ते लिपोप्रथिनही आहे. जिवाणूने लपण्यासाठी वापरलेले प्रथिनच येथे त्याला पकडून देते. न्यूझीलंडची लस घेतलेल्यांत पुढे परम्याचे प्रमाणही सुमारे ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात मिळणाऱ्या टायफॉइड कॉंज्युगेट लशी मात्र व्ही-आय आवरणावर आधारलेल्या आहेत, बाह्यपटल-प्रथिनांवर नाहीत.

पोटातील चांगल्या जिवाणूंनाही अशी प्रथिने असतात. ती दाह का करत नाहीत?

ग्राहीला जागे करणे म्हणजे दर वेळी आग लावणे नव्हे. आतड्यातील अकरमान्सिया म्युसिनिफिला या जिवाणूचे अम्यूक-११०० हे बाह्यपटल-प्रथिन टीएलआर-२ शीच संवाद साधते, आणि उंदरांत त्याने आतड्याचे अस्तर अधिक बळकट झाले. हे प्रथिन पाश्चरीकरणाच्या तापमानालाही टिकते. यावरून लगेच महागड्या कॅप्सूल विकत घेण्याचे कारण नाही; माणसांवरील अभ्यास अजून लहान आहेत.

बी.एस्सी.च्या प्रकल्पात या विषयावर काही करता येईल का?

येईल, आणि रोगकारक जिवाणूला हात न लावता येईल. ई. कोलाय के-१२ हा प्रयोगशाळेतील निरुपद्रवी वाण घ्यावा. पेशी फोडून सार्कोसिल या डिटर्जंटमध्ये ठेवल्या की आतले पटल विरघळते आणि बाह्यपटल-प्रथिने गाळात उरतात. अतिवेगवान सेंट्रिफ्यूज ज्या संस्थेत आहे तेथे हा टप्पा करावा. गाळ जेलवर (प्रथिने आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या पातळ थरावर) चालवला की ३५ ते ४० किलोडाल्टनच्या भागात पोरिन आणि ओम्प-एचे ठळक पट्टे दिसतात.

नमुन्याचे दोन भाग करून एक उकळावा आणि दुसरा तसाच ठेवावा. न उकळलेले ओम्प-ए घडी केलेल्या अवस्थेत राहून २८ ते ३० किलोडाल्टनजवळ धावते, उकळलेले मात्र ३५ जवळ. दोन खाचांतील पट्टे शेजारी शेजारी वेगळ्या उंचीवर उभे दिसले की नळीची घडी उकळीने मोडते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळते.